गजकर्ण, माती आणि लाळ
बुरशीरोगांवरील औषधांचा आपल्या परिसरातून जाणारा इतिहास

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्याचे (१९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याचे) दोन अंतर्भागातील तालुके होत. समुद्र येथून दूर आहे, परंतु पाऊस मात्र भरपूर. वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो व तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत भात हेच मुख्य पीक. लावणीच्या दिवसांत कुणबी, आगरी, ठाकर, कातकरी, मुसलमान अशा सर्व समाजांतील माणसे दिवसचे दिवस गुडघाभर चिखलात उभी असतात. अंगावरचे कपडे वाळत नाहीत, पाय कोरडे होत नाहीत. मग बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, जांघेत व कमरेवर गजकर्ण उठते आणि नायट्याची खाज झोपू देत नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत या भागाचे उल्लेख येतात ते किल्ल्यांसाठी, बोरघाटाच्या रेल्वेसाठी, खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी अथवा हुतात्मा भाई कोतवालांसाठी. ते योग्यच आहे. परंतु ज्या व्याधीने येथील कष्टकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांना दर पावसाळ्यात छळले, तिच्यावर माणसाने कोणकोणते उपाय शोधले, याचाही एक इतिहास आहे. त्यातील काही महत्त्वाची पाने आपल्या रेल्वेमार्गावरच, एक मुंबईच्या बाजूस व एक पुण्याच्या बाजूस, लिहिली गेली आहेत. आणि त्यातील एक प्रकरण तर प्रत्येकाच्या तोंडातील लाळेचे आहे. त्याची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुने उपाय

गजकर्णास संस्कृतात ‘दद्रु’ म्हणतात. पहिल्या पावसानंतर बांधावर आणि रस्त्याच्या कडेला टाकळा उगवतो. त्याच्या कोवळ्या पानांची भाजी आपल्याकडे आवडीने खाल्ली जाते. या टाकळ्याचे संस्कृत नाव ‘चक्रमर्द’, म्हणजे चक्राचा नाश करणारा. येथे चक्र म्हणजे गजकर्णाचे त्वचेवर उमटणारे वर्तुळ. टाकळ्याची पाने अथवा बिया वाटून गजकर्णावर लावण्याची चाल या नावाइतकीच जुनी असली पाहिजे. यूनानी वैद्यकातही त्वचेच्या व तोंडाच्या अशा विकारांचा विचार झालेला आहे. तोंडात उठणारे व्रण व पांढरे चट्टे यांस तेथे ‘कुलाअ’ म्हणतात, आणि अकराव्या शतकात इब्न सीना यांनी आपल्या ‘अल्-कानून’ या ग्रंथात या विकाराची चर्चा केलेली आहे.

याशिवाय एक घरगुती उपाय खेड्यापाड्यांत सर्वत्र सांगितला जातो. सकाळी उठल्यावर चूळ न भरता तोंडातील पारोशी लाळ गजकर्णावर लावावी, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. सुशिक्षित माणूस हे ऐकून नाक मुरडतो. या समजुतीत तथ्य किती व भ्रम किती, हे लेखाच्या ओघात आपण पाहूच. तूर्त एवढेच लक्षात ठेवावे की, लाळेत काहीतरी गुण आहे हे माणसाच्या मनात फार पूर्वीपासून होते.

रोगाचे कारण सापडले

गजकर्ण कशाने होते, याविषयी एकोणिसाव्या शतकापर्यंत अनेक तर्क होते. कोणी रक्तदोष म्हणत, तर कोणी किडा. इंग्रजीत तर या रोगाचे नावच ‘किड्याचे कडे’ अशा अर्थाचे आहे. १८३५ मध्ये इटलीतील आगोस्तिनो बासी यांनी रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो असे दाखविले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८४१-४२ च्या सुमारास, पॅरिसमध्ये वैद्यक करणारे डेव्हिड ग्रुबी यांनी डोक्यावरील एक चाईसारखा रोग आणि लहान मुलांच्या तोंडात येणारा पांढरा थर या दोहोंतही सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहिली. जंतूंमुळे रोग होतात हे पाश्चर व कॉख यांनी सिद्ध करण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट होय. तोंडातील त्या बुरशीस पुढे ‘कँडिडा’ हे नाव मिळाले. गजकर्णाच्या बुरशींचा वर्ग वेगळा आहे. त्या त्वचा, केस व नखे यांतील केराटिन या द्रव्यावर जगतात.

कारण कळले म्हणून औषध लगेच सापडले असे नाही. बुरशीवरील औषध शोधणे हे जंतूंवरील औषध शोधण्यापेक्षा कठीण काम आहे. जंतूंची पेशी माणसाच्या पेशीपेक्षा अगदी निराळी असते. जंतूला मारणारे आणि माणसाला न दुखावणारे द्रव्य त्यामुळे पुष्कळदा सापडते. बुरशीची पेशी मात्र रचनेने आपल्या पेशीच्या बरीच जवळची आहे. जे तिला मारील ते आपल्यालाही अपाय करील, ही भीती असते. आजही बुरशीनाशक औषधांचे मोजकेच वर्ग वैद्यांच्या हाती आहेत, त्याचे मुख्य कारण हेच होय.

गोव्याची पूड आणि बांधावरचा टाकळा

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाची एक पिवळट तपकिरी पूड मोठ्या किमतीस विकली जात असे. ती कोठून येते हे विकणारे सांगत नसत. १८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते केम्प यांनी तिची माहिती प्रसिद्ध केली. पुढे सुमारे दहा वर्षांनी उलगडा झाला की, ही पूड मूळची गोव्याची नव्हेच. ब्राझीलमधील एका वृक्षाच्या खोडातून ती काढली जाई आणि पोर्तुगीज जहाजांतून गोव्यास येई. १८७५ मध्ये लंडनमध्ये तिचे रासायनिक पृथक्करण झाले आणि तिच्यातील गुणकारी द्रव्यास पुढे ‘क्रायसॅरोबिन’ हे नाव मिळाले. कातडीच्या रोगांवर या द्रव्याचा युरोपात पुष्कळ वापर झाला.

आता नवल पाहा. सुमारे शंभर वर्षांनी, १९७५ मध्ये, भारतीय संशोधकांनी टाकळ्याच्या बियांतील बुरशीनाशक द्रव्य वेगळे काढले, तेव्हा ते क्रायसॅरोबिनमधील मुख्य घटकच असल्याचे आढळले. म्हणजे जी पूड सात समुद्रांपलीकडून आणून मुंबईत चढ्या भावाने विकली जात होती, तिच्यातील सत्त्व कर्जतच्या प्रत्येक बांधावर दर पावसाळ्यात आपोआप उगवत होते. चक्रमर्द हे नाव देणाऱ्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. परंतु ते निरीक्षण पाटा-वरवंट्यापाशीच थांबले. किती घ्यावे, किती वेळ लावावे, कातडी भाजू नये म्हणून काय करावे, हे कोणी मोजले नाही. क्रायसॅरोबिन हे दाहक द्रव्य आहे. डोळ्यांस लागल्यास ते इजा करते. मोजमाप नसलेले औषध आणि अपाय यांत फारसे अंतर नसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे डॉक्टर आर्थर व्हिटफिल्ड यांनी बेंझॉइक आम्ल ६ टक्के व सॅलिसिलिक आम्ल ३ टक्के असे साधे मलम तयार केले. सरकारी दवाखान्यांतून पिढ्यान् पिढ्या दिले गेलेले ‘व्हिटफिल्डचे मलम’ ते हेच. यातील सॅलिसिलिक आम्ल कालांतराने आपल्या खोपोलीच्या औद्योगिक परिसरातही तयार होऊ लागले, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. पोटात घेण्याचे औषध मात्र बराच काळ नव्हते. ग्रिसिओफल्विन हे द्रव्य १९३९ मध्ये सापडले, आणि ते तोंडावाटे दिल्यास गजकर्ण बरे होते हे १९५८ मध्ये ग्लासगो येथे गिनीपिगांवरील प्रयोगांत दिसून आले.

मातीतून मिळालेले औषध

पेनिसिलिनच्या यशानंतर जगभर मातीच्या नमुन्यांतून औषधे शोधण्याची लाट आली. अमेरिकेत एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राऊन या दोन महिला शास्त्रज्ञ होत्या. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीतील जीवाणूंचे नमुने त्या एकमेकींना टपालाने पाठवीत. व्हर्जिनियातील एका शेताच्या मातीतून त्यांना १९५० मध्ये ‘निस्टॅटिन’ मिळाले. माणसास वापरता येण्याजोगे हे पहिले खरे बुरशीनाशक प्रतिजैविक होय. ‘न्यूयॉर्क स्टेट’ या आपल्या राज्याचे नाव त्यांनी औषधास दिले आणि पेटंटपासून मिळालेले आपले सर्व उत्पन्न, जे १ कोटी ३० लाख डॉलर्सच्या घरात गेले, शास्त्रीय संशोधनास अर्पण केले. विद्येच्या कामात पैसा कसा खर्चावा याचा हा एक नमुनाच म्हटला पाहिजे.

याच सुमारास आपल्या देशातही काम सुरू झाले. कर्जतला गाडीस मागून बँकर इंजिन लागते, गाडी बोरघाट चढते आणि लोणावळे सोडून पुण्याकडे निघते. या वाटेवर पुण्याच्या अलीकडे पिंपरी लागते. तेथे १९५४ मध्ये भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा कारखाना उभारला आणि पुढील वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तेथील संशोधन विभागाचे प्रमुख डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे मूळचे बुरशीशास्त्रज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतील एका जीवाणूपासून १९६१ मध्ये ‘हॅमायसिन’ हे बुरशीनाशक प्रतिजैविक मिळविले. त्या जीवाणूस त्यांनी ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ असे नाव दिले. भारतात शोधून विकसित केलेले हे पहिले प्रतिजैविक मानले जाते. तिरुमलाचार यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकाचा मानही मिळाला.

हॅमायसिनचे कार्य समजण्यास सोपे आहे. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. माणसाच्या पेशीत त्या जागी कोलेस्टेरॉल असते. निस्टॅटिन, अँफोटेरिसिन आणि हॅमायसिन ही तिन्ही औषधे एर्गोस्टेरॉलला चिकटतात, त्यामुळे पेशीचे आवरण सच्छिद्र होते व आतील द्रव्ये बाहेर गळून बुरशी मरते. तोंडातील पांढऱ्या बुरशीवर, कानातील बुरशीवर आणि स्त्रियांच्या अशाच विकारांवर हॅमायसिन वापरले गेले. अमेरिकेतही शरीरांतर्गत बुरशीरोगांवर त्याच्या चाचण्या झाल्या.

पिंपरीच्या संशोधकांनी १९६४ मध्ये ‘ऑरिओफंजिन’ हे आणखी एक द्रव्य शोधले. ते माणसांपेक्षा पिकांच्या अधिक उपयोगी पडले. भातावरील करपा हा रोगही बुरशीचाच, आणि त्यावर ऑरिओफंजिनची फवारणी सुचविली जात असे. कर्जतला १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे, आणि त्या केंद्राने दिलेल्या ‘कर्जत’ नावाच्या जाती आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. भाताच्या पानावर करपा आणि लावणाऱ्याच्या पायावर चिखल्या, हे दोन्ही बुरशीचेच उद्योग.

पण हॅमायसिनचे पुढे काय झाले? जगाच्या औषधशास्त्रात अँफोटेरिसिन टिकले, निस्टॅटिन टिकले. हॅमायसिनला मात्र त्या दोहोंसारखे स्थान मिळाले नाही. शोध लागला की काम झाले, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक शोध ही पहिली पायरी असते. द्रव्य शुद्ध करणे, ते शरीरात नीट शोषले जाईल असे करणे, शेकडो रुग्णांवर काळजीपूर्वक तपासणे, या पुढच्या पायऱ्यांना अधिक पैसा आणि अधिक चिकाटी लागते.

मुलुंडची गोष्ट

आता आपण रेल्वेच्या दुसऱ्या बाजूस वळू. कर्जत-खोपोलीची लोकल ज्या मुलुंडवरून रोज जाते, तेथे हेक्स्ट या जर्मन कंपनीचे मोठे संशोधन केंद्र होते. मातीतील सूक्ष्मजीवांचा तेथे पद्धतशीर अभ्यास चाले. १९८७ मध्ये तेथील शास्त्रज्ञांनी एका बुरशीतून दुसऱ्या बुरशीस मारणारे द्रव्य मिळविले आणि आपल्या उपनगरावरून त्यास ‘मुलुंडोकँडिन’ असे नाव दिले. हे द्रव्य पेप्टाइड वर्गातील होते. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहान तुकडा, अमिनो आम्लांची छोटी साखळी. मुलुंडोकँडिनमध्ये ही साखळी वळून कडे झालेली असून तिला स्निग्ध आम्लाचे शेपूट जोडलेले असते. या वर्गातील द्रव्ये बुरशीच्या बाहेरील भिंतीचे बांधकाम बंद पाडतात. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नसल्यामुळे माणसाला त्यांचा उपद्रव कमी होतो.

मुलुंडोकँडिन स्थिर राहावे म्हणून तेथे पुढेही प्रयत्न झाले, पण त्याचे औषध झाले नाही. त्याच वर्गातील, परदेशात विकसित झालेले कॅस्पोफंजिन मात्र २००१ मध्ये रुग्णांसाठी उपलब्ध झाले. आज अतिदक्षता विभागात रक्तातील कँडिडावर ते अत्यंत मोलाचे समजले जाते. पेप्टाइडापासून बुरशीवरील औषध होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. त्या वर्गातील एका द्रव्यास मुलुंडचे नाव आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

लाळेतील पहारेकरी

आता लाळेकडे येऊ. १९२१ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती. त्यांनी आपल्या नाकातील स्राव जंतूंच्या बशीत टाकला आणि जंतू विरघळलेले पाहिले. अश्रू आणि लाळ यांतही तेच गुणकारी द्रव्य त्यांना आढळले. १९२२ मध्ये त्यांनी ते ‘लायसोझाइम’ या नावाने जाहीर केले. पेनिसिलिनच्या शोधाआधी सहा वर्षे हा शोध लागला होता, पण त्याची तितकी वाहवा झाली नाही.

माणसाच्या तोंडात दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. कँडिडा ही बुरशी कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात कायम वास्तव्य करून असते. ऊब, ओल आणि अन्न या तिन्ही गोष्टी तेथे मिळत असताना ती माजत का नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला होता. १९८४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, कानाजवळच्या लाळग्रंथीतून येणारी, हिस्टिडीन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी पेप्टाइडे कँडिडाची वाढ रोखतात व तिला ठारही करतात. १९८८ मध्ये बोस्टन विद्यापीठातील फ्रँक ओपेनहाइम व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेप्टाइडांची रचना उलगडली आणि त्या कुटुंबास ‘हिस्टाटिन’ असे नाव दिले. ही पेप्टाइडे माणूस आणि त्याच्या जवळचे वानरकुळ यांच्याच लाळेत आढळतात.

यांतील सर्वांत प्रभावी ते हिस्टाटिन ५. त्यात अवघी २४ अमिनो आम्ले आहेत व त्यांपैकी ७ हिस्टिडीन आहेत. ते बुरशीच्या भिंतीला चिकटते, पोषक द्रव्ये आत नेणाऱ्या वाहकांचा आधार घेऊन आत शिरते आणि पेशीची ऊर्जा व पोटॅशियम बाहेर गळू लागते. हॅमायसिन पेशीचे आवरण सच्छिद्र करून बुरशीस मारते. हिस्टाटिन बुरशीच्याच दरवाजाने आत जाऊन तिला रिकामी करते. दोघांची पद्धत निराळी असल्यामुळे, जी बुरशी जुन्या औषधांना जुमानत नाही तिच्यावरही हिस्टाटिनचा उपयोग होईल, अशी आशा निर्माण झाली. याशिवाय २००८ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी प्रयोगशाळेत असेही दाखविले की, हिस्टाटिनांमुळे जखमेच्या कडांवरील पेशी लवकर सरकतात. तोंडातील जखम अंगावरील जखमेपेक्षा लवकर का भरते, याचे एक कारण यात असावे.

मग वडीलधाऱ्यांची पारोशी लाळ खरी ठरली काय? न्यायाने उत्तर द्यायचे तर अर्धीच. लाळेत बुरशीनाशक द्रव्य आहे, ही गोष्ट खरी. परंतु हिस्टाटिनचा मुख्य शत्रू तोंडातील कँडिडा आहे. गजकर्णाची बुरशी केराटिनच्या थरात दडलेली असते, आणि कातडीवर लावलेली लाळ काही क्षणांत वाळून जाते. क्षारांच्या संपर्कात हिस्टाटिन दुबळे पडते, आणि घामाने भिजलेल्या कातडीवर क्षारांना तोटा नसतो. शिवाय लाळेत असंख्य जंतू असतात, व खाजवून उघडी पडलेली कातडी त्यांना आयतीच वाट देते. तेव्हा लाळ लावणे हा गजकर्णावरील उपाय नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

लाळेचे औषध अजून का नाही?

हिस्टाटिनचा १२ अमिनो आम्लांचा एक तुकडा, ज्यास ‘पी-११३’ म्हणतात, औषध म्हणून विकसित करण्याचा प्रयत्न झाला. हिरड्यांच्या सुजेवर आणि एचआयव्हीबाधित रुग्णांच्या तोंडातील बुरशीवर त्याच्या चाचण्या झाल्या. तरीही बाजारात ते औषध आलेले नाही. अडचणी समजण्याजोग्या आहेत. लाळेतील विकरे पेप्टाइडाचे तुकडे करतात. कँडिडाही गप्प बसत नाही. ती स्वतःची विकरे सोडून हिस्टाटिन तोडते. शिवाय अशी साखळी कारखान्यात बनविणे साध्या गोळीपेक्षा फार खर्चाचे असते.

या कामात मुंबईचाही वाटा आहे. परळ येथील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत निसर्गातील अशा पेप्टाइडांची एक मोठी संगणकीय नोंदवही तयार करण्यात आली. ‘कॅम्प’ या नावाने ती २०१० मध्ये जगापुढे आली. सुरुवातीसच तीत साडेतीन हजारांहून अधिक नोंदी होत्या, आणि पुढे तिच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. बेडूक, कीटक, वनस्पती, माणूस अशा नाना जीवांची ही शस्त्रे एकत्र पाहून नवे औषध कसे रचावे, याचा अंदाज जगातील कोणताही संशोधक तीवरून बांधू शकतो.

आजची चिंता

हा इतिहास केवळ कुतूहलाचा नाही. मधुमेह, एचआयव्ही, कर्करोगावरील उपचार, दम्यासाठी ओढायचे स्टिरॉइड, सैल कवळी, तोंड कोरडे पाडणारी औषधे, यांपैकी काहीही असले की लाळेचा पहारा ढिला पडतो आणि तोंडात पांढरी बुरशी येते. १९८८-९० च्या सुमारास फ्लुकोनॅझोल हे गुणकारी औषध परदेशात आले. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे आपल्या कंपन्यांना ते निराळ्या पद्धतीने बनवून स्वस्तात देता आले. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेली सिप्ला ही अशा कंपन्यांपैकी एक. तिचा एक कारखाना १९८२ मध्ये रसायनीजवळ पाताळगंगा येथे सुरू झाला. बर्लिनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेल्या एका तरुणाने मायदेशी उद्योग उभारला, त्याचे फळ गरीब रुग्णाच्या हाती पडले.

तरीही २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस झालेल्या हजारो रुग्णांसाठी महाराष्ट्रात अँफोटेरिसिनची टंचाई पडली. नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात वणवण फिरले. वर्धा येथे घाईने उत्पादन सुरू करावे लागले. ज्या राज्यात १९६१ मध्ये त्याच कुळातील औषध शोधले गेले, त्या राज्यावर अशी वेळ यावी, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी प्रसिद्ध केली. तीत कँडिडाच्या जाती अग्रभागी आहेत.

आणि आपले जुने गजकर्ण? तेही बदलले आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर असे गजकर्ण पसरले की, पूर्वी दोन-चार आठवड्यांत बरे होणारे चट्टे महिनोन् महिने हटत नाहीत. या बुरशीस २०२० मध्ये ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव मिळाले. त्यात आपल्या देशाचे नाव आहे, पण अभिमान वाटावा अशी ही गोष्ट नव्हे. टर्बिनाफिन या हुकमी औषधास ती पुष्कळदा दाद देत नाही. तिच्या प्रसारास हातभार लावणारे एक मोठे कारण म्हणून त्वचारोगतज्ज्ञ ज्याकडे बोट दाखवितात, ते म्हणजे दुकानातून चिठ्ठीविना मिळणारी मिश्र मलमे. त्यांत बुरशीनाशकाबरोबर तीव्र स्टिरॉइड असते. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, माणूस मलम बंद करतो, आणि दबलेली बुरशी कातडीच्या दुबळ्या झालेल्या भागात अधिक जोमाने पसरते. २०१८ मध्ये सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बंधन घातले. परंतु कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचण्यास ग्राहकाचे ज्ञान लागते.

म्हणून वाचकांस विनंती की, गजकर्णावर कोणाच्या सांगण्यावरून मलम आणू नये. डॉक्टरांनी सांगितलेला काळ औषध पूर्ण घ्यावे, चट्टा दिसेनासा झाला तरी मध्येच सोडू नये. घरात एकापेक्षा अधिक जणांना असेल तर सर्वांनी एकदम उपचार घ्यावेत. टॉवेल व कपडे वेगळे ठेवून उन्हात वाळवावेत. शेतातून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचकी कोरड्या कराव्यात. दम्याचे औषध ओढल्यावर चूळ भरावी. तोंडात पांढरा थर वारंवार येत असेल तर साखर तपासून घ्यावी.

आणि आपल्या शाळांतील मुलामुलींस एवढे सांगावेसे वाटते की, टाकळा आपल्या बांधावर होता, पिंपरीची माती घाटापलीकडेच होती, मुलुंड लोकलच्या वाटेवर होते आणि लाळ तर प्रत्येकाच्या तोंडात होती. औषध जवळ असणे आणि औषध हाती येणे यांमधील अंतर प्रयोगशाळेत, वजनकाट्यावर आणि वर्षानुवर्षांच्या नोंदवह्यांत कापावे लागते. ते काम हेझन व ब्राऊन यांनी केले, तिरुमलाचारांनी केले, परळच्या संशोधकांनी केले. लाळेतील पेप्टाइडापासून स्वस्त व टिकाऊ औषध करण्याचे काम मात्र अजून कोणाचेच पुरे झालेले नाही. ते कर्जत-खालापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या वा विद्यार्थिनीच्या हातून व्हावे, अशी अपेक्षा बाळगणे मुळीच अवाजवी नाही. त्यासाठी रसायन व जीवशास्त्र हे विषय परीक्षेपुरते न शिकता मनापासून शिकावे लागतील, आणि मुलगा असो वा मुलगी, दहावीनंतर शिक्षण थांबविण्याची घाई घरातील वडीलधाऱ्यांनी करू नये.